इंडी व्हिडिओ गेमचे परीक्षण

मोठ्या प्रकाशन कंपनीच्या पैशावर आणि हुकमतीवर अवलंबून न राहता एका व्यक्तीने किंवा लहान चमूने तयार केलेले व्हिडिओ गेम ‘स्वतंत्र’ किंवा ‘इंडी’ म्हणून ओळखले जातात. असे गेम खेळून, तपासून आणि त्याच जातीच्या इतर गेमशी ताडून केलेल्या मूल्यमापनाला इंडी गेमचे परीक्षण म्हणतात. नियमांची रचना, नियंत्रण, चित्र व ध्वनी, कथन, तांत्रिक स्थिती आणि किमतीच्या मानाने मिळणारा आनंद ही त्याची अंगे होत. इंडी गेम नानाविध प्रकारांचे असतात आणि पुष्कळदा दोन-तीन प्रकारांची सरमिसळ करतात. त्यामुळे एकच मोजपट्टी सर्वांना लावता येत नाही. गेम खेळाडूला काय देऊ पाहतो हे आधी ओळखावे आणि ते त्याने किती दिले हे मग तपासावे, हे या परीक्षणाचे मूलतत्त्व आहे.

महत्त्व : मोठ्या कंपन्यांच्या गेमपाठीमागे जाहिरातीचे बळ असते, एकट्याने केलेल्या गेमला ते मिळत नाही. स्टीम या संगणकीय गेमच्या सर्वांत मोठ्या विक्रीमंचावर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक गेम दाखल झाले. एवढ्या गर्दीत चांगला गेम सापडणे हेच अवघड असल्याने परीक्षक येथे आधी शोधक असतो आणि नंतर न्यायाधीश. इनरस्लॉथ या छोट्या चमूचा ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०२० मध्ये थेट प्रक्षेपण करणाऱ्या खेळाडूंनी तो उचलून धरला आणि तो जगभर खेळला जाऊ लागला. गेम तोच होता. तो दाखवणारे उशिरा आले.

व्याप्ती : कोणता गेम इंडी मानावा याविषयी एकमत नाही. ‘डेव्ह द डायव्हर’ (२०२३) हा गेम नेक्सॉन या मोठ्या कोरियन कंपनीच्या उपशाखेने तयार केला. तरीही ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमसाठी नामांकन मिळाले आणि वाद झाला. परीक्षकासाठी चमूचा आकार ही आवश्यक माहिती आहे. चार जणांनी काय साधले हे त्यावरून कळते, पण दोषांना त्यामुळे माफी मिळत नाही. वाचकाचा पैसा आणि वेळ खरा असतो, मग गेम कोणीही केलेला असो.

ऐतिहासिक आढावा : छापील गेम-मासिकांच्या काळात परीक्षणाची जागा मुख्यतः दुकानांत मिळणाऱ्या गेमसाठी राखीव असे. ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’शी निगडित ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’ १९९८ मध्ये स्थापन झाला आणि स्वतंत्र गेमना तज्ज्ञ परीक्षकांचे व्यासपीठ लाभले. त्याचा सर्वोच्च पुरस्कार शेमस मॅकनॅली या तरुण निर्मात्याच्या नावाने दिला जातो. २००१ मध्ये मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ सुरू झाले आणि अनेक परीक्षणांचे गुण एकत्र करून एकच आकडा दाखवण्याची पद्धत रूढ झाली. २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार किरन गिलन यांनी खेळणाऱ्याच्या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या नव्या गेम-पत्रकारितेची मांडणी केली. २००७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सुरू केलेल्या ‘रॉक पेपर शॉटगन’ या संकेतस्थळाने संगणकावरील छोट्या गेमना नियमित जागा दिली.

२००८ हे वर्ष या क्षेत्राला वळण देणारे ठरले. जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ आणि टूडी बॉय या दोघांच्या चमूचा ‘वर्ल्ड ऑफ गू’ हे गेम त्या वर्षी आले आणि त्यांची परीक्षणे मोठ्या गेमच्या बरोबरीने, तितक्याच गांभीर्याने लिहिली गेली. २०१२ मध्ये स्टीमने खेळाडूंच्या मतांवर गेम निवडणारी ‘ग्रीनलाइट’ योजना आणली. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि १०० डॉलर भरून कोणालाही गेम मांडता येऊ लागला. दरम्यान २०१३ मध्ये स्टीमवर ग्राहकांची परीक्षणे सुरू झाली होती. जॉन बेन ऊर्फ टोटलबिस्किट यांच्यासारख्या चित्रफीतकारांनी गेम प्रत्यक्ष खेळून दाखवत परीक्षण करण्याची रीत लोकप्रिय केली आणि तिचा लाभ अनेक अनोळखी इंडी गेमना झाला.

प्रकारनिहाय निकष : प्लॅटफॉर्मर : धावणे आणि उड्या मारणे यांवर उभ्या असलेल्या या प्रकारात बटण दाबणे आणि पात्राने हालणे यांतील नाते प्रथम तपासतात. ‘सेलेस्ट’ (२०१८) मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाच्या अंशापुरती उडी मारू दिली जाते आणि जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटणही हिशेबात धरले जाते. खेळाडूला ही सवलत दिसत नाही. नियंत्रण चोख आहे एवढेच त्याला जाणवते. ती ओळखून सांगणे हे परीक्षकाचे काम. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) कमालीचा अवघड आहे, पण त्याचे टप्पे आटोपशीर आहेत आणि पात्र मेल्यावर पुढचा प्रयत्न तत्काळ सुरू होतो. म्हणून पात्र मेले हे नोंदवून थांबू नये. चूक खेळाडूची होती की गेमची, हे सांगावे. ‘सेलेस्ट’मध्ये खेळाचा वेग कमी करण्याचे व पात्राला अजिंक्य करण्याचेही पर्याय आहेत. असे पर्याय असल्याने कोणाकोणाला गेम पुरा करता येईल, ही नोंद परीक्षणात हवीच.

मेट्रॉइडव्हेनिया : नवी क्षमता मिळताच जुन्या जागेतील बंद वाट खुली व्हावी, ही या प्रकाराची जान. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील टीम चेरीच्या ‘हॉलो नाइट’ (२०१७) मध्ये प्रत्येक प्रदेशाचा नकाशा आधी विकत घ्यावा लागतो. तोवर खेळाडू अंदाजाने फिरतो. हे हरवणे हेतुपूर्वक योजलेले आहे. वेळ वाचवण्यासाठी परीक्षकाने मार्गदर्शिका समोर ठेवून तो गेम संपवला, तर ज्यासाठी गेम घडवला तेच त्याच्या हातून निसटते.

रोगलाइक व डेकबिल्डर : १९८० मधील ‘रोग’ या गेमपासून चालत आलेल्या या कुळात प्रत्येक डाव नव्याने रचला जातो आणि हार झाली की मूळपासून आरंभ करावा लागतो. डेरेक यू यांचा ‘स्पेलंकी’, मेगा क्रिटचा पत्त्यांचा संच (डेक) जमवत खेळायचा ‘स्ले द स्पायर’ (२०१९) आणि सुपरजायंटचा ‘हेडीस’ (२०२०) ही त्याची गाजलेली रूपे. आपण का हरलो हे खेळाडूला सांगता येते का, आणि वीस-तीस डावांनंतरही नवे काही उरते का, हे येथील खरे प्रश्न आहेत. एक विजय मिळवून लिहिलेले परीक्षण अपुरे असते. ‘हेडीस’मध्ये हरल्यावर नायक पाताळातील घरी परततो आणि तेथे नवे संवाद घडतात; त्यामुळे हार हीच कथेची पुढची पायरी होते. पोकरच्या हातांवर आधारलेल्या ‘बलाट्रो’ (२०२४) ला ‘पेगी’ या युरोपीय वयोगट-निर्धारण संस्थेने १८ वर्षांवरील गटात टाकले होते. अपिलानंतर २०२५ मध्ये ते वय १२ वर आणले गेले. त्यात खरा पैसा लावण्याची सोयच नाही. पत्त्यांची चित्रे पाहून काढलेला निष्कर्ष आणि नियम समजून काढलेला निष्कर्ष यांत किती अंतर पडते, हे या प्रकरणावरून कळते.

कोडी व अन्वेषण : येथे कोड्याची काठिण्यपातळी दुय्यम आणि न्याय्यता प्रधान. उत्तर सापडल्यावर ‘हे आधीच दिसायला हवे होते’ असे वाटले, तर कोडे चांगले. फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’ (२०१९) मध्ये नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपाने पटावर असतात. ठोकळे ढकलले की नियम बदलतात. लुकस पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) मध्ये एका जहाजावरील ६० जणांचे काय झाले हे शोधायचे असते. गेम तीन-तीन उत्तरे एकदम पक्की करतो, त्यामुळे नुसत्या अंदाजावर निभावत नाही. अशा गेमचे परीक्षण लिहिताना रचना उलगडावी, उत्तर उघड करू नये. ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) मध्ये दर २२ मिनिटांनी काळ मागे जातो आणि खेळाडूजवळ उरते ते फक्त त्याने मिळवलेले ज्ञान. तेथे एक जादा वाक्यही वाचकाच्या शोधातला आनंद हिरावून घेते.

कथनप्रधान गेम : ‘गॉन होम’ (२०१३) मध्ये लढाई नाही, हारजीत नाही, रिकाम्या घरातील वस्तू पाहत एका कुटुंबाची कथा जुळवायची असते. याला गेम म्हणावे का, असा वाद तेव्हा झाला. तो वाद परीक्षणाच्या कामाचा नव्हता. कथा सांगण्यासाठी खेळाडूच्या कृतीचा उपयोग कसा केला, हा कामाचा प्रश्न होता. लुकस पोप यांच्याच ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये खेळाडू सीमेवरील कागदपत्रे तपासणारा कारकून असतो. चूक झाली तर पगार कापला जातो, घरी अन्न आणि औषध कमी पडते. नैतिक पेच भाषणातून न येता कामाच्या घाईतून येतो. एस्टोनियात उगम पावलेल्या झेडए/यूएम चमूच्या ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) मध्ये नायकाची कौशल्येच त्याच्याशी बोलतात. नियम आणि कथा एकमेकांत मुरले आहेत की कथा वरून चिकटवली आहे, हा या प्रकाराचा निर्णायक निकष.

सिम्युलेशन : एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने घडवलेला ‘स्टार्ड्यू व्हॅली’ (२०१६) शेती, मासेमारी आणि गावकऱ्यांशी स्नेह यांभोवती फिरतो. अशा गेमची गोडी सावकाश चढते. पहिल्या काही तासांतील उत्साह सर्वत्र असतो. ऋतू पालटल्यावर, पैसा हाती आल्यावर रोजच्या कामात अर्थ उरतो का, ते पाहावे लागते.

परीक्षणाची पद्धत : कोणत्या यंत्रावर, कोणती आवृत्ती, किती तास खेळली आणि गेम पुरा केला की नाही, हे वाचकाला सांगणे ही किमान शिस्त आहे. ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणजे अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आलेल्या गेमबाबत तर ती अटळच. गेम प्रकाशनानंतरही बदलतात. हेलो गेम्सच्या ‘नो मॅन्स स्काय’वर २०१६ मध्ये दिलेला शब्द न पाळल्याची कडक टीका झाली. पुढे अनेक वर्षे मोफत भर पडत गेली आणि ग्राहकांचे मत पालटले. पहिली टीका त्या दिवसापुरती बरोबर होती. म्हणूनच परीक्षणावर तारीख असावी आणि गरज पडल्यास नव्याने लिहावे. लांबी हाही स्वतंत्र गुण नव्हे. ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) सुमारे दीड-दोन तासांत संपतो आणि त्याने इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला आहे. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात, त्यामुळे छोटे गेम आधीच अडचणीत असतात. तासामागे किंमत मांडणारे परीक्षण त्यांच्यावर दुहेरी अन्याय करते.

गुणांकन : दहापैकी गुण किंवा तारे चटकन कळतात, म्हणून ते टिकून आहेत. मात्र कोड्यांच्या गेमचे आठ आणि शेतीच्या गेमचे आठ यांची तुलना निरर्थक असते. ‘युरोगेमर’ या संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण देणे थांबवून शिफारशीची पद्धत स्वीकारली होती, २०२३ मध्ये त्याने पाच तारे आणले. स्टीमवरील ग्राहक ‘शिफारस आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतात. त्याची टक्केवारी लोकप्रियता दाखवते, कारणे दाखवत नाही. कारणे देणे हे परीक्षणाचे काम आहे आणि आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही.

नीतिमूल्ये : परीक्षणासाठी गेमची प्रत बहुधा मोफत मिळते, ती मिळाल्याचे जाहीर करावे. फुकट प्रतींच्या बदल्यात स्तुती मिळवण्याचे प्रकार आढळल्याने स्टीमने २०१६ पासून बाहेरून मिळालेल्या प्रतींवरील परीक्षणे एकूण गुणांत धरणे बंद केले. उलट टोकाला, रागापोटी सामूहिकरीत्या वाईट शेरे देण्याचा प्रकार आहे. ‘फायरवॉच’च्या निर्मात्यांनी एका प्रसिद्ध चित्रफीतकाराविरुद्ध भूमिका घेतल्यावर २०१७ मध्ये त्या गेमवर असा हल्ला झाला. त्या काळात स्टीमने परीक्षणांचा कालानुसार आलेख दाखवणे सुरू केले. लहान चमूचे पोट एका गेमवर असते. म्हणून परीक्षकाने कठोर व्हावे, पण पुराव्यानिशी.

भारतीय संदर्भ : पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हा आंतरराष्ट्रीय परीक्षकांनी गांभीर्याने घेतलेला भारतीय इंडी गेम आहे. भावाच्या शोधात निघालेल्या राजीची कथा, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि पुराणकथांचा वापर यांचे कौतुक झाले. लढाईतील जडपणा, कॅमेऱ्याची अडचण आणि एकाएकी येणारा शेवट यांवर टीका झाली. गुण-दोष दोन्ही नेमके सांगितल्याने ही परीक्षणे निर्मात्यांनाही उपयोगाची होती. गोव्यातील फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हने ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) आणि ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे कथनप्रधान गेम केले. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची कथा स्वयंपाकाच्या कोड्यांतून सांगणाऱ्या टोरांटोच्या ‘वेण्बा’ (२०२३) ने २०२४ मध्ये शेमस मॅकनॅली पुरस्कार पटकावला. परक्या परीक्षकाला इडलीपात्र, महालाची जाळी किंवा आईचे मुलाशी आपल्या भाषेत बोलणे यांचा अर्थ विचारून घ्यावा लागतो. येथील परीक्षकाला तो आधीच ठाऊक असतो. नाटक आणि चित्रपट यांची परीक्षणे वाचून मत बनवण्याची मराठी वाचकाला जुनी सवय आहे. पुण्यात आणि गोव्यात गेम घडत असताना तीच शिस्त मराठी समीक्षकांनी या माध्यमाला लावावी : गेम पुरा खेळावा, त्याचा प्रकार ओळखावा आणि कारणे देऊन बरे-वाईट सांगावे.