पुस्तकाचे नाव आणि पडद्यावरचे नाव

आवडत्या पुस्तकावरून चित्रपट निघाला म्हणजे सुशिक्षित घरांत एक वाद ठरलेलाच असतो. पुस्तक चांगले की चित्रपट चांगला? वाचणारा म्हणतो, अमका प्रसंग गाळला. पाहणारा म्हणतो, तमका प्रसंग पुस्तकापेक्षा खुलला. दोन्ही पक्ष प्रसंगांची मोजदाद करीत बसतात, आणि म्हणून हा वाद कधी मिटत नाही. मराठी चित्रपटाच्या पहिल्या चाळीसएक वर्षांत तीन नामांकित पुस्तके पडद्यावर आली. त्यांपैकी दोहोंची नावे बदलली, तिसऱ्याचे तसेच राहिले. प्रसंगांची यादी घटकाभर बाजूस ठेवून केवळ या नावांकडे पाहिले, तरी लेखकाने काय दिले होते व चित्रपटाने त्यातून काय उचलले, हे पुष्कळसे उलगडते.

हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव म्हणजे एक उद्गार आहे. तो कोणाच्या तरी मुखातून आलेला आहे, कानाने ऐकावयाचा आहे. विजय आणि शोक ही दोन्ही त्यात एकाच श्वासासरशी येतात. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ही कादंबरी पडद्यावर आणली, त्या वेळी पडद्यास वाचा नव्हती. त्यांनी चित्रपटाचे नाव ठेवले ‘सिंहगड’. उद्गार गेला आणि स्थळ राहिले. बाबूराव हे मूळचे चित्रकार. स्थळ, पोशाख, शस्त्रे आणि उजेड हा त्यांचा खरा प्रांत. सूर्यप्रकाशावर विसंबून चित्रण करावयाच्या त्या दिवसांत त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश योजला, ही गोष्ट आपल्या चित्रपटाच्या इतिहासात नमूद झालेली आहे. शेलारमामांची भूमिका ज्याने केली तो तरुण विशीच्या थोडा पलीकडे गेलेला होता आणि त्याचे नाव व्ही. शांताराम असे होते!

हरिभाऊंची कादंबरी मात्र कड्यावरच्या चढाईपासून सुरू होत नाही. तिचा आरंभ सती जावयास निघालेल्या कमलकुमारीपासून होतो, आणि उदयभानूच्या हाती सापडलेल्या त्या स्त्रीची काळजी वाचकाच्या मनात अखेरपर्यंत जागती राहते. गडावरची लढाई ही तिच्या सुटकेचीही लढाई आहे. स्थळाचे नाव घेतलेल्या चित्रपटात गडाचे पारडे जड व्हावे हे ओघानेच आले. मुक्या पडद्याची अडचण हे त्याचे कारण म्हणावे, तर १९३३ साली प्रभात कंपनीने हेच कथानक बोलपटात आणले तेव्हा वाचा होती. तरीही नाव ‘सिंहगड’ हेच राहिले. हरिभाऊ १९१९ मध्येच निवर्तले होते. आपल्या उद्गाराचा गड कसा झाला, हे पाहण्यास ते नव्हते.

दुसरे पुस्तकही आपट्यांचेच, पण हे आपटे निराळे. पहिले हरि नारायण, दुसरे नारायण हरि. नावांच्या या उलटापालटीमुळे पुष्कळांनी त्यांना पितापुत्र करून टाकले आहे. वस्तुतः तसा काही संबंध नाही. नारायण हरि आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी १९२३ सालची. तिच्या आधारे प्रभातने १९३७ साली जो बोलपट काढला तो ‘कुंकू’. दिग्दर्शक शांताराम, आणि पटकथा लिहिणारे स्वतः नारायण हरि. तीन लेखकांपैकी आपले पुस्तक पडद्यावर नेण्यास हयात असलेला, आणि त्या कामी स्वतः हात लावणारा, असा हा एकच.

‘न पटणारी गोष्ट’ या नावात एक मत आहे. वृद्ध विधुराशी तरुण मुलीचे लग्न लावावे ही गोष्ट लेखकाला पटत नाही. आणि त्या मुलीने अशा नवऱ्याला नवरा मानण्याचे साफ नाकारावे, ही गोष्ट जगाला पटत नाही. असे दुधारी मत छापील पृष्ठावर शोभते. पडद्यावर ते दाखवावयाचे कसे? कुंकू दिसते. नीरेच्या कपाळावर ते आहे, आणि ज्याच्या नावाचे आहे त्या काकासाहेबांना ती पती म्हणून जवळ येऊ देत नाही. शेवटी काकासाहेब पश्चात्तापाने स्वतःचे आयुष्य संपवितात आणि तिला मोकळी करतात. ज्या मृत्यूने ती सुटते त्याच मृत्यूने तिचे कुंकूही जाते! एवढा पेच त्या तीन अक्षरीही नसलेल्या नावात मावला आहे. मौज अशी की याच चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीचे नाव ‘दुनिया न माने’ असे ठेवले गेले. म्हणजे हिंदीत जाताना तो पुन्हा कादंबरीच्या नावाजवळ आला.

या चित्रपटात शांताबाई आपटे यांची नीरा निश्चयी व तडफदार आहेच, परंतु केशवराव दात्यांचे काकासाहेब हे त्याहून अवघड काम होते. हा म्हातारा दुष्ट नाही. भिंतीवरचे जुने घड्याळ, पिकलेल्या मिशा, आरसा, एवढ्या वस्तूंवरून त्याला आपले वय कळत जाते. रंगभूमीवर मुरलेल्या नटाने एकट्याने आरशासमोर उभे राहून हे दाखविले. शिवाय, गाण्यांची त्या काळी एवढी चलती असताना, या बोलपटास पार्श्वसंगीत असे नाहीच. घरात आणि रस्त्यावर जे आवाज खरोखर व्हावयाचे तेवढेच ऐकू येतात. काकासाहेबांची कीव वाटू लागते, आणि तरीही लग्न अन्यायाचे ठरते, हे तोल सांभाळणे कादंबरीच्या मताला या वस्तूंनी व आवाजांनी अधिक साधले. पुस्तक आणि चित्रपट यांच्या तुलनेत चित्रपटाचे पारडे निःसंशय जड ठरावे असे मराठीतील हे उदाहरण आहे.

आता ज्याचे नाव बदलले नाही ते पुस्तक. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. त्यांची आई १९१७ मध्येच गेली होती. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे भाग ‘प्रकरणे’ नाहीत, ‘रात्री’ आहेत. अशा बेचाळीस रात्री. सायंकाळची प्रार्थना झाल्यावर आश्रमातील मित्रांना मोठा झालेला श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे आपल्यापुढे मूल नाही, प्रौढ मनुष्य आहे. आणि तो लहानपणीच्या स्वतःला उभे करून त्याची झडती घेत आहे. पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसलेला श्याम, चोरी केलेला श्याम, गरिबीची लाज वाटून आईला टोचून बोललेला श्याम, हे सारे तो झाकून ठेवीत नाही. आईचे मोठेपण वाचकाला थेट दिसत नाही. ते मुलाच्या शरमेतून दिसते.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली हा चित्रपट काढला. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले होते. वनमालाबाईंनी आई उभी केली, लहानगा श्याम माधव वझे यांनी केला, संगीत वसंत देसाई यांचे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक भारतातील उत्कृष्ट चित्रपटास देण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा पहिलेच पदक या मराठी चित्रपटाने मिळविले. ‘सिकंदर’मध्ये राजस रूपाने झळकलेली ही सुशिक्षित नटी कोकणातल्या दरिद्री घरातल्या माउलीचे काम कसे करील, अशी शंका कोणास आली असली तर ती पहिल्या काही प्रसंगांतच मावळावी. भित्र्या मुलाला विहिरीवर पाठविणारी तिची कठोरता आणि नंतरचे तिचे कळवळणे या दोहोंत खोटा सूर नाही. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटासाठी पीतांबर फाडल्याचे आशा भोसले यांच्या आवाजातील गाणे तर घरोघर गेले.

इतके सगळे उत्तम असूनही पुस्तकातले काहीतरी हरवले, ही रुखरुख ज्यांनी पुस्तक आधी वाचले त्यांना लागते. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला धोंड्यावर लुगडे पसरावयास सांगतो, तो प्रसंग घ्यावा. पायांना जसे जपतोस तसे मनाला जप, असा आईचा बोध. पडद्यावर हा प्रसंग डोळे ओले करतो. परंतु पुस्तकात त्या रात्रीचे नाव पाय, धोंडा, लुगडे यांपैकी कशावरून ठेवलेले नाही. ते ‘थोर अश्रू’ असे आहे. अश्रू कोणाचे? मनाची घाण रडून धुऊन काढावयाची असते असे ज्याला फार वर्षांनी कळले, त्या सांगणाऱ्याचे. पडद्यावर त्या क्षणीचा हट्टी मुलगा दिसतो आणि त्या क्षणीची प्रेमळ आई दिसते. मधली वर्षे दाखवावयाची कशी? आईच्या शेवटच्या दिवसांचे तेच. श्याम तेव्हा घरी नव्हता. पुस्तकात तो जे सांगतो ते पाठीमागून कळलेले आहे, आणि आपण तेथे नव्हतो हेच त्याचे मुख्य दुःख आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याची सोय लेखणीला आहे. कॅमेऱ्याला ती गोष्ट समोर घडलेली तरी दाखवावी लागते, नाही तर गाळावी लागते.

हा दोष अत्र्यांचा म्हणता येत नाही. अत्रे स्वतः नाटककार. समोर उभी असलेली व्यक्ती रंगविणे ही त्यांची विद्या. त्यांनी ‘आई’ घेतली आणि ‘श्यामची’ या शब्दावरचा भार कमी झाला. ‘सिंहगड’ आणि ‘कुंकू’ ही नावे तरी, आम्ही मूळ पुस्तकाहून निराळे काही करीत आहोत, असे उघड सांगत होती. येथे नाव अक्षरशः तेच राहिल्यामुळे बदल झाला हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. आजही कित्येक घरांत मुलांना चित्रपट दाखविला की पुस्तक झाले असे समजतात. त्या मुलांना आई पुरेपूर भेटते. स्वतःची झडती घेणारा श्याम मात्र कपाटातच राहतो, आणि पुस्तक लिहिणाऱ्या शिक्षकाला मुलांच्या हाती द्यावयाचा होता तो नेमका हाच.

सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावरून पुन्हा चित्रपट काढला. रंगांचा सुकाळ असताना तो मुद्दाम कृष्णधवल ठेवला. गौरी देशपांडे यांनी आई केली. परंतु येथे ओम भूतकर यांच्या रूपाने साने गुरुजीही पडद्यावर आले, तुरुंगात बसून आईच्या आठवणी काढणारे. वनमालाबाईंच्या आईची सवय झालेल्या प्रेक्षकाला हे मधून मधून तुरुंगात परत जाणे खटकले तर नवल नाही, कारण कथेचा ओघ त्याने अडतो खरा. पण जो सांगणारा १९५३ च्या पडद्यावर मागे सरला होता, त्याला बसावयास जागा मिळाली ती त्या कोठडीतच. नाव याही चित्रपटाचे ‘श्यामची आई’ हेच आहे.