डोंगरमाथ्यावरची ड्युटी

ट्रेकला जाणाऱ्या मंडळींचा एक नेहमीचा वैताग असतो. अंदाज मिळतो तो पायथ्याच्या गावाचा, आणि आपण भिजतो वर! गावात "अंशतः ढगाळ", माथ्यावर मात्र समोरचा माणूस दिसत नाही. हा प्रॉब्लेम फार जुना आहे. तो सोडवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात काही लोकांनी जे केलं ते वाचून मी थक्क झालो. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. वादळाचे इशारे आणि हवामानाचे अंदाज लोकांसाठी जाहीर करायला ब्रिटनमध्ये सुरुवात केली ती अॅडमिरल रॉबर्ट फिट्झरॉयने, 1861 मध्ये. अंदाज चुकले की वर्तमानपत्रं त्याची यथेच्छ टिंगल करत. (हवामान खात्यावरचे विनोद ही काही आपली मक्तेदारी नाही.) 1865 मध्ये त्याने आत्महत्या केली आणि पुढच्याच वर्षी अंदाज बंद झाले. शास्त्रज्ञांचं म्हणणं, पुरेसा डेटा नसताना भाकितं करू नयेत. वर्तमानपत्रांतले अंदाज पुन्हा सुरू व्हायला 1879 साल उजाडलं.

मग डेटा आणायचा कुठून? वादळ आकाशात घडतं आणि यंत्रं सगळी जमिनीवर. विमानं, उपग्रह काही नाही. उंचावरच्या हवेत कायम यंत्रं ठेवायची तर डोंगर हीच एक जागा. स्कॉटलंडच्या हवामान संस्थेने बेन नेव्हिस निवडला. उंची 1345 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे 300 मीटरने बुटका. पण तो अटलांटिकवरून येणाऱ्या वादळांच्या ऐन वाटेत उभा आहे. वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास, आणि हिवाळ्यात बराचसा वेळ माथा ढगात. या संस्थेचा एक सचिव होता थॉमस स्टीव्हन्सन, दीपगृहं बांधणारा इंजिनिअर आणि लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. वेधशाळांत झडपांची पांढरी पेटी दिसते ना, थर्मामीटर ठेवायची? ती याचीच. आपल्या हवामान खात्याच्या केंद्रांवरही ती 'स्टीव्हन्सन स्क्रीन' म्हणूनच ओळखली जाते.

वेधशाळेला पैसे नव्हते. तेव्हा क्लेमेंट रॅग नावाचा एक अवलिया पुढे आला. म्हणाला, मी रोज चढतो. 1881 च्या 1 जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा माणूस पहाटे पाचच्या आत निघायचा, वाटेत ठरलेल्या ठिकाणी नोंदी घेत माथा गाठायचा, तिथे नोंदी घ्यायचा आणि उतरायचा. त्याच वेळी त्याची बायको खाली फोर्ट विल्यममध्ये, समुद्रसपाटीला, नोंदी घ्यायची. सगळी गंमत त्या 'त्याच वेळी'मध्ये आहे. हवा साधारण किलोमीटरमागे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे खाली 10 अंश असेल तर माथ्यावर एक-दीड अंश असायला हवं. पण काही दिवशी हे गणित चक्क उलटं व्हायचं, वर ऊन आणि खाली थंडगार धुकं. हा फरक कळायला दोन्हीकडचे आकडे एकाच क्षणाचे हवेत. इतिहासात बायकोच्या वाट्याला एखादी ओळ येते, पण माझ्या मते निम्मा प्रयोग तिचाच.

रॅगच्या या वेडामुळे वर्गणी जमली आणि 17 ऑक्टोबर 1883 ला माथ्यावर दगडी वेधशाळा उघडली. प्रमुखपदासाठी रॅगनेही अर्ज केला होता. निवड दुसऱ्याची झाली! तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे चक्रीवादळांना नावं देऊ लागला, त्यात न आवडणाऱ्या राजकारण्यांचीही. असो.

वेधशाळेसाठी बांधलेल्या घोडवाटेवरून हौशी लोकही येऊ लागले. टोल पायी एक शिलिंग, घोड्यावरून तीन. वर राहणाऱ्यांचं आयुष्य मात्र सहलीचं नव्हतं. आपोआप नोंद करणारी यंत्रं बर्फाने लिंपून जायची, म्हणून दर तासाला, रात्रीसुद्धा, माणसाने बाहेर जाऊन आकडे वाचायचे. बर्फाखाली दार गाडलं गेलं तर मनोऱ्यातून बाहेर पडायचं. आमच्याकडे नाईट शिफ्टला एसी जास्त झाला तरी मेल जातात. यांनी हे जवळपास 21 वर्षं केलं.

आकडे तारेने खाली जात. पण रोजच्या अंदाजासाठी लंडनने त्यांचा फारसा उपयोग करून घेतला नाही. मला यात कोणाचा आळस दिसत नाही. एका डोंगरावरच्या आकड्यांवरून उद्याचं हवामान काढायचं गणितच तेव्हा तयार नव्हतं. डेटा होता, अल्गोरिदम नव्हता. सरकारी मदत तुटपुंजी, वर्गणी आटली, आणि 1904 मध्ये वेधशाळेला कुलूप लागलं.

खरा फायदा झाला तो भलतीकडेच. सप्टेंबर 1894 मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण पंधरा दिवस तिथे बदली निरीक्षक म्हणून गेला. ढगांवर पडणाऱ्या सावल्या, त्यांभोवतीची रंगीत कडी पाहून त्याला वाटलं की हे प्रयोगशाळेत करून बघावं. त्यातून क्लाउड चेंबर जन्मलं, अणूतल्या कणांच्या वाटा प्रथमच डोळ्यांना दिसल्या, आणि 1927 चं नोबेल मिळालं.

आज स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी वेगळे अंदाज निघतात. माथ्यावरचा वारा, पाणी गोठण्याची उंची, आणि शिखर ढगाबाहेर असण्याची शक्यता चक्क टक्क्यांत! दरम्यान वेधशाळेच्या वह्यांतले छापील तक्ते शतकभर पडून होते. 2017 मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या हवामानशास्त्रज्ञांनी ते स्कॅन करून इंटरनेटवर टाकले आणि हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या ते टाइप केले. तासातासाचे लाखो आकडे. जुनी वादळं संगणकात पुन्हा उभी करायला आता ते वापरता येतात.