हाय हिल्स चावतात? सैल करण्याआधी पाय कुठे घसरतो ते पाहा

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात लग्नसराईचा जोर असतो. मांडव अनेकदा घरासमोर किंवा मोकळ्या रानात पडतो. काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळलेली असते आणि नेमक्या त्याच दिवशी पायात नवी कोरी हिल्सची सँडल असते. जेवणाच्या पंगतीपर्यंत निम्म्या बायकांच्या सँडल हातात आलेल्या दिसतात. हा त्रास घरच्या घरी बराच कमी करता येतो, पण उपाय दुखण्याच्या जागेनुसार बदलतो.

नेमकं दुखतं का?

टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार चवड्यावर येतो. शिवाय उतारावर उभं राहिल्यासारखा पाय सतत पुढे घसरतो. बोटं टोकाला दबतात, मागे टाच सुटते आणि पट्टा घासू लागतो. बोटं दबली की सँडल लहान पडली असं वाटतं. पुष्कळदा माप बरोबरच असतं, फक्त पाय पुढे गेलेला असतो. अशी सँडल ओढूनताणून सैल केली तर पाय आणखी घसरतो आणि त्रास वाढतो.

ओळखायची सोपी खूण: सँडल घालून घरात वीसेक पावलं चाला आणि थांबा. टाचेमागे बोट सहज जाईल इतकी जागा झाली असेल, तर आधी घसरणं थांबवायचं. जागा नाही आणि पायाच्या दोन्ही कडा दाबल्या जातात, तर सँडल खरंच अरुंद आहे. ही तपासणी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात.

घसरणं थांबवायला पॅड

चवड्याखाली लावायचे सिलिकॉनचे किंवा फोमचे पॅड मिळतात. बहुतेक जण ते दुखणाऱ्या जागेच्या बरोबर खाली चिकटवतात. तिथे लावल्यास दाब उलट वाढतो. तळव्याच्या दुखणाऱ्या जागी थोडं ओलं कुंकू लावा आणि पाय सँडलमध्ये टेकवा. सँडलमध्ये जिथे ठसा उमटेल, त्याच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला पॅड बसवा. आधी दुहेरी टेपने लावून चालून पाहा आणि मगच पक्कं चिकटवा. जुन्या बुटाचा सुखतळा कापूनही पॅड करता येतो. कापूस मात्र तासाभरात दबून जातो, त्याचा उपयोग नाही.

बकलच्या पट्ट्याला एक जास्तीचं छिद्र पाडून घेतलं तरी पाय मागे धरला जातो. या साध्या गोष्टीकडे फारसं कोणी लक्ष देत नाही.

पट्टा चावत असेल तर

आधी पट्टा कशाचा आहे ते पाहा. कापलेल्या कडेला तंतू दिसले तर चामडं, कापडाचा थर दिसला तर रेक्झिन. चामडं ताणतं आणि मऊ होतं. नवी कोल्हापुरी तेल लावून मऊ करतात ती याच गुणामुळे. चामड्याची सँडल जाड मोजे घालून रोज पंधरा-वीस मिनिटं घरात वापरा. घाई असेल तर पट्ट्यावर हेअर ड्रायर लांबून अर्धा मिनिट फिरवा आणि पट्टा थंड होईपर्यंत चाला.

रेक्झिन असं ताणत नाही. उष्णतेने त्याचा गोंद सुटतो, वरचा थरही तडकतो. तिथे पट्ट्याला आतून मऊ कापडाची पट्टी लावा आणि पायाच्या त्या जागी कागदी चिकटपट्टी आधीच लावून निघा.

रील्समध्ये दिसणारी, पाण्याची पिशवी बुटात घालून फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती अगदीच खोटी नाही. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. पण ती बंद, चामड्याच्या बुटापुरती. उघड्या सँडलला निरुपयोगी.

हिल कापू नका

सँडलचा बाक हिलच्या उंचीनुसार ठरलेला असतो आणि तो टिकावा म्हणून तळात बहुधा पोलादी पट्टी असते. हिल बरीच कापली की पुढचं टोक वर उचललं जातं, तोल मागे जातो. दोन्ही हिल्स तंतोतंत सारख्या कापणं घरी कठीणच. फार तर एखादा सेंटीमीटर, तोही चप्पल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून. हिलखालची झिजलेली टोपीही त्यांच्याकडूनच बदलून घ्या. आतला खिळा उघडा पडला की फरशीवर घसरायला होतं.

भेगाळलेल्या जमिनीवर टोकदार हिल रुतते. तिला बसवायच्या रुंद प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या उपयोगी आहेत. तरी हिंगोलीच्या दसऱ्याला रामलीला मैदानावर फिरायचं असेल, तर सपाट चप्पलच बरी.

मधुमेह असेल तर

मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांनी हे प्रयोग करू नयेत. पट्टा घासतोय हे त्यांना कळतच नाही, फोड येतो आणि त्याची जखम चिघळते. बोटं बधिर होणं किंवा सँडल काढल्यावरही दुसऱ्या दिवशी दुखत राहणं, हे इतरांनीही डॉक्टरांना दाखवावं.

कपाटातून वर्षांनी काढलेली सँडल घालण्याआधी तळ दाबून पाहा. काही फोमचे तळ दमट हवेने आतून कुजतात आणि चालता चालता भुगा होतात. तसा तळ असेल तर पॅडवर पैसे घालवू नका.