फकिराची फारसी : टॉमस कॉरियटची पायपीट



इ. स. १६०८ मधील, द्राक्षे पिकण्याच्या दिवसांतील गोष्ट आहे. जर्मनीत वर्म्स शहराकडे जाणाऱ्या रस्त्याने तिशीतला एक इंग्रज गृहस्थ एकटाच पायी चालला होता. कडेच्या मळ्यातील द्राक्षे पाहून त्याला मोह आवरला नाही आणि त्याने हात घातला. तोच मळेवाला लांब दांड्याचा परशू घेऊन धावून आला व त्याने पाहुण्याची टोपी हिसकावून घेतली. इंग्रज लॅटिनमध्ये गयावया करू लागला, मळेवाला जर्मनमध्ये दरडावू लागला. एकाचे अक्षर दुसऱ्याला कळेना. अखेर लॅटिन जाणणारे काही वाटसरू आले, त्यांनी मध्यस्थी केली आणि थोड्या पैशांवर टोपी सुटली. ही फजिती त्या गृहस्थाने स्वतःच मोठ्या चवीने लिहून ठेवली आहे.

त्याचे नाव टॉमस कॉरियट. इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात ऑडकूम नावाचे खेडे आहे, तेथल्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा. ऑक्सफर्डला शिकला, लॅटिन व ग्रीक या भाषांत तरबेज झाला आणि पुढे युवराज हेन्रीच्या दरबारी जाऊन राहिला. पण दरबारात त्याचे स्थान कोणते? तर विदूषकाचे! शहाणी माणसे त्याची टिंगल करीत आणि तो ती सोशीत असे. १६०८ साली पाच महिन्यांत सुमारे दोन हजार मैलांची मजल मारून तो व्हेनिसपर्यंत जाऊन आला, आणि ज्या जोड्यांनी ही मजल मारली ते जोडे त्याने गावच्या देवळात टांगून ठेवले. १६११ साली त्याचे प्रवासवर्णन छापले गेले. त्याच्या आरंभी बेन जॉन्सन, जॉन डन यांसारख्या बड्या कवींनी त्याची थट्टा करणाऱ्या कविता जोडल्या होत्या, आणि त्या छापल्याच पाहिजेत असा युवराजाचा आग्रह होता. जेवताना काटा वापरण्याची इटालियनांची चाल या पुस्तकाने इंग्रजांना वर्णन करून सांगितली. तर काटा वापरतो म्हणून त्याचीही थट्टाच झाली.

अशा माणसाने पुढे आशिया खंड पायी तुडविले, तो हिंदुस्थानात आला आणि येथेच त्याचा देह पडला. प्रवासाला निघताना त्याच्यापाशी ना फारसी होती, ना तुर्की, ना हिंदुस्थानी. ज्याला जर्मनीतल्या मळेवाल्याशी बोलता येईना, तो जहांगीर बादशहाशी बोलला कसा? आणि बोलायला शिकल्यावर त्याला या देशाचे कितीसे कळले? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

१६१२ साली कॉरियट गलबतात बसला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम ही स्थळे पाहून तो अलेप्पोस आला, आणि १६१४ च्या सप्टेंबरात एका काफिल्याबरोबर पूर्वेकडे चालू लागला. दियारबकीर, तब्रीज, कझवीन, इस्फहान, कंदाहार, लाहोर, दिल्ली, आग्रा असा मार्ग आक्रमून १६१५ च्या जुलैत तो अजमेरला पोहोचला. जहांगीराचा मुक्काम त्या वेळी तेथे होता. जेरुसलेमपासून अजमेरपर्यंत सुमारे २,७०० मैल आपण पायी चाललो, असा हिशेब त्याने मायदेशी धाडलेल्या पत्रांत दिला आहे. अलेप्पोपासूनच्या दहा महिन्यांच्या वाटचालीत खर्च किती? अवघे तीन पौंड! त्यांतलेही दहा शिलिंग लबाडांनी उपटले म्हणून तो हळहळतो. पुष्कळदा एका पेनीत दिवस सुखाने निघे, असे तो लिहितो.

हा केवळ त्याच्या काटकसरीचा प्रताप नव्हे. एकटा माणूस, भाषा येत नाही, गाठीला पैसा नाही, आणि वाटेत दियारबकीरला एका तुर्की शिपायाने जवळचे बहुतेक पैसे लुबाडलेले. तरीही तो जिवंत पोहोचला, कारण तो खऱ्या अर्थाने एकटा नव्हताच. आशियातील खुष्कीचे मार्ग ही त्या काळी एक चालती संस्था होती. इस्फहानहून पुढे तो ज्या काफिल्यात होता त्यात, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, दोन हजार उंट, पंधराशे घोडे, हजारावर खेचरे, आठशे गाढवे आणि सहा हजार माणसे होती. म्हणजे एक गावच रस्त्याने चालले होते म्हणा ना! या चालत्या गावात नवख्याला पाणी कोठे आहे हे बोटाने दाखवता येते, भाकरीचा भाव खुणेने ठरतो, आणि काफिला उठला की आपण उठावे एवढे कळले तरी माणूस मुक्कामाला पोहोचतो. इस्तंबूलपासून आग्र्यापर्यंत फारसी जाणणारा कोणी ना कोणी भेटेच. शंभर-दोनशे शब्द पदरी पडले की पोटाचा प्रश्न मिटत असे. कॉरियटने हे शब्द पुस्तकातून नव्हे, रस्त्यावर वेचले.

कधी कधी तर भलतीच भाषा कामाला येई. मुलतानला एका मुसलमान गृहस्थाने त्याला काफर म्हटले. हा गृहस्थ पूर्वी इटलीत कैदेत होता, त्यामुळे त्याला इटालियन येत होते. झाले! कॉरियटने भर मुलतानात इटालियन भाषेत त्याच्या धर्मावर घणाघाती व्याख्यान ठोकले. हेच आपण तुर्कस्तानात किंवा इराणात बोललो असतो तर जिवंत भाजून निघालो असतो, पण मोगलांच्या राज्यात ख्रिस्त्याला मोकळेपणाने बोलता येते, असे त्याने नमूद केले आहे. त्याच्या भाषणापेक्षा ही नोंदच इतिहासाला अधिक मोलाची आहे.

अजमेरला तो इंग्रज वखारवाल्यांच्या आश्रयाने वर्षाहून अधिक काळ राहिला आणि तेथे त्याने फारसी, तुर्की व अरबी यांचा अभ्यास केला. मग १६१६ साली, इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याला थांगपत्ता लागू न देता, तो बादशाही झरोक्याखाली जाऊन उभा राहिला आणि पाठ केलेले फारसी भाषण त्याने जहांगीराला ऐकविले. भाषणाचा मथितार्थ असा : मी एक फकीर, जगभर भटकणारा दरवेश आहे, दूरच्या मुलखातून आलो तो आपले दर्शन घ्यावे, आपले हत्ती पाहावे, गंगा पाहावी, आणि समरकंदला तैमूरची कबर पाहण्यासाठी आपले दस्तक मिळवावे म्हणून. बादशहाने सांगितले की तिकडच्या तार्तार राजांशी आपले सख्य नाही, दस्तकाचा उपयोग होणार नाही. पण फडक्यात बांधून शंभर रुपये त्याने वरून खाली सोडले.

रो संतापला. इंग्रज माणसाने परक्या राजापुढे हात पसरावा, यात राष्ट्राची अप्रतिष्ठा झाली असे त्याचे म्हणणे. कॉरियटने त्याला सडेतोड उत्तर दिले आणि विषय मिटविला. श्रोतेहो, या भांडणात मला कॉरियटची बाजू अधिक समंजस वाटते. इंग्रजी दरबारात भिकारी म्हणजे भिकारीच. पण फारसी भाषेत फकीर या शब्दामागे शतकांची पुण्याई उभी होती. फकिराने बादशहापुढे उभे राहावे, बादशहाने त्याला काही द्यावे, यात दोघांचीही शोभाच होती. लंडनमध्ये जो विदूषक ठरला त्याला आशियात बसायला एक मानाचा पाट मिळाला, तो या एका शब्दामुळे. शेकडो मैलांच्या धुळीतून त्याने हा एक शब्द मात्र नेमका उचलला होता.

आता दुसरा प्रश्न. एवढी भाषा आल्यावर तिचे त्याने काय केले?

रो याच्या पदरी एडवर्ड टेरी नावाचा धर्मोपदेशक होता. तो मांडूला कॉरियटबरोबर एकाच बिऱ्हाडी राहिला, आणि पुढे १६५५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने आपल्या या मित्राच्या आठवणी मायेने लिहिल्या. त्यांत एक परटीण आहे. ती वकिलाच्या घरची. तिच्या तोंडाचा पट्टा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. एके दिवशी कॉरियटने तिच्याच हिंदुस्थानीत तिच्याशी भांडण जुंपले आणि सकाळी आठ वाजायच्या आत तिला निरुत्तर केले! आमच्याकडे नळावरच्या भांडणात ज्याला टिकता येते त्याला भाषा आली असे समजावे. त्या हिशेबाने कॉरियट परीक्षेत पहिल्या वर्गात उतरला. दुसरी आठवण आग्र्याची. संध्याकाळची बांग चालू असता समोरच्या उंच जागी चढून त्याने आपल्या धर्माचा उलट पुकारा केला. लोकांनी हा वेडा आहे असे समजून सोडून दिले.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. मुलतान असो, झरोका असो, परटीण असो की बांग असो, प्रत्येक ठिकाणी कॉरियट बोलतो आहे. तो ऐकतो आहे असा प्रसंग फार विरळा. परटिणीची हजेरी त्याने घेतली, पण ती दिवसभर कशाबद्दल एवढे बोलत होती? टेरीने ते लिहिले नाही, आणि कॉरियटने ते विचारले असेल असे वाटत नाही. काफिल्यातली सहा हजार माणसे त्याने मोजली, पण त्यांच्यातल्या कोणाचे सुखदुःख त्याच्या पत्रांत उतरले नाही.

दिल्लीतील स्तंभाची गोष्ट याच जातीची. तेथे त्याने एक भव्य स्तंभ पाहिला, त्यावरील अक्षरे ग्रीक आहेत असे मानले, आणि शिकंदराने पोरसावर मिळविलेल्या जयाची ती खूण आहे असा निर्णय देऊन टाकला. वस्तुतः तो फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीस आणवून उभा केलेला अशोकाचा स्तंभ होता. त्यावरील ब्राह्मी लिपी वाचण्याची किल्ली १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला सापडली. कॉरियटला ती वाचता आली नाही यात त्याचा दोष नाही. त्या काळी ती कोणालाच येत नव्हती. पण न येणाऱ्या लिपीत त्याला आपल्याला येणारी भाषाच दिसली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. परमुलखात डोळे उघडे असले तरी पुष्कळदा माणूस बरोबर आणलेलेच पाहत असतो.

१६१७ साली मांडूच्या किल्ल्यात त्याची आणि रोची पुन्हा गाठ पडली. मलिक अंबराशी चाललेल्या दक्षिणेच्या मोहिमेला जवळ पडावे म्हणून जहांगीर त्या वर्षी मांडूस येऊन राहिला होता. कॉरियटची प्रकृती खालावली होती. एके दिवशी दगडी खांबाला टेकून उभा असता तो मूर्च्छा येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला की, आपण वाटेतच मेलो तर आपला प्रवास जगाला कळणार नाही, या विचाराने मन काळवंडले होते. याच सुमारास विलायतेहून आलेल्या एका ओळखीच्या इंग्रजाकडून त्याला कळले की, आपले नाव राजा जेम्सच्या कानी गेले तेव्हा हा मूर्ख अजून जिवंत आहे काय, असे राजाने विचारले. पुढे रोने त्याला वाटखर्चासाठी एक पत्र दिले आणि त्यात त्याचा प्रामाणिक पण गरीब बिचारा असा उल्लेख केला. तो शब्द कॉरियटला इतका झोंबला की रोला पत्र बदलावे लागले.

येथे थोडे थांबू या. ज्या माणसाने वर्षापूर्वी भर दरबारात स्वतःला आपण होऊन गरीब फकीर म्हणवून घेतले, तोच माणूस इंग्रजी पत्रातल्या तशाच एका शब्दाने घायाळ झाला! कारण परक्या भाषेतल्या शब्दाला आपल्यापुरते काटे नसतात. ती भाषा पांघरूण म्हणून घेता येते आणि फेकूनही देता येते. तोडक्यामोडक्या भाषेवर जग हिंडणाऱ्याला लाभणारे हे मोठे सुख आहे. तो कोणाचा नसतो म्हणून सर्वत्र निभावतो. पण जो शब्द झोंबत नाही, तो आतही शिरत नाही. कॉरियट इंग्रजीत दुखावला जाऊ शकत होता. म्हणजे त्याचे घर शेवटपर्यंत इंग्रजीतच होते.

रोकडून निघून तो एकटाच सुरतेस गेला. तेथील इंग्रजांनी विलायतेहून आलेले मद्य त्याला आग्रहाने पाजले. पोटाचा विकार होताच, तो बळावला, आणि १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेस वारला. वय सुमारे चाळीस. मनात योजलेला मोठा ग्रंथ झालाच नाही. मागे राहिली ती थोडी पत्रे आणि टिपणे. १६१६ साली छापलेल्या पत्रांवर हत्तीवर बसलेल्या कॉरियटचे चित्र आहे, त्याच्या मनातली हौस तेवढी पुरी झाली.

त्याला हसणे सोपे आहे. त्याच्या देशबांधवांनी ते काम पुष्कळ केले. परंतु तलवार नाही, तराजू नाही, कोणाला जिंकायचे नाही आणि कोणाला विकायचेही नाही, नुसते पाहायचे म्हणून आलेला असा इंग्रज आपल्या इतिहासात फार थोडा सापडतो. त्याला येथवर आणले ते त्याच्या पायांनी, आणि ज्यांची नावे त्याने लिहिली नाहीत अशा हजारो वाटाड्यांनी, उंटवाल्यांनी, भटारखान्याच्या माणसांनी. पोटापुरती भाषा त्याने रस्त्यावर मिळविली, तोंडापुरती अजमेरला मिळविली. कानांची भाषा मिळविण्याआधीच आयुष्य सरले. आपल्यापैकी कोणी परमुलखी निघाला तर पहिले दोन पाठ त्याने कॉरियटपाशी खुशाल घ्यावेत. तिसरा मात्र त्या परटिणीपाशी बसून, तिला बोलू देऊन घ्यावा.