एका मापाच्या होड्या

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या दक्षिणेस काही मैलांवर डन लेअरी नावाचे बंदर आहे. डब्लिनचा उपसागर नकाशात मोठा आश्वासक दिसतो. परंतु पूर्वेचे वादळ सुटले की गलबतांना तिथे आसरा नसे. १८०७ च्या नोव्हेंबर महिन्यात 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रॉचडेल' ही सैनिकांना घेऊन निघालेली जहाजे त्या किनाऱ्यावर फुटली आणि सुमारे चारशे जीव जमिनीपासून हाकेच्या अंतरावर बुडाले. त्या आकांतातून सुरक्षित बंदराची मागणी पुढे आली. नॉर्वेत जन्मलेल्या रिचर्ड टाऊचर नावाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाने ती चिकाटीने लावून धरली. १८१७ साली कामास आरंभ झाला. जवळच्या डॉकी येथील खाणीतला ग्रॅनाइट वाहून आणून दगडाचे दोन प्रचंड बाहू समुद्रात उभारण्यात आले. १८२१ मध्ये इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज तेथून जहाजावर चढला, एवढ्या निमित्ताने गावाचे 'किंग्जटाउन' झाले. आणि ते जुने आयरिश नाव परत मिळवावयास १९२० साल उजाडावे लागले.

हे दगडी बाहू बांधले गेले संकटातल्या गलबतांसाठी. परंतु त्यांच्या कुशीत श्रीमंतांच्या शिडाच्या नौका येऊन विसावल्या. त्यांचे क्लब निघाले, शर्यती सुरू झाल्या. आता शर्यत म्हटली म्हणजे ज्याचे कसब अधिक तो जिंकावा, अशी आपली भाबडी समजूत. येथे तसे नव्हते. कोणाची नौका लांब, कोणाची रुंद, कोणाचे शीड दुप्पट. म्हणून मोजमापे घेऊन मोठ्या नौकेने लहान नौकेला काही मिनिटांची सूट द्यावी, असा नियम असे. पहिला आलेला पहिला ठरेलच असा नेम नसे; कागदावरचा हिशेब झाल्यावर निकाल लागे. शिवाय नियमांतील पळवाटा हेरून नवी नौका बांधून घेणारा धनिक कालच्या विजेत्याला आज निकालात काढी. सुकाणू धरणाऱ्या हातापेक्षा थैली सोडणारा हात वरचढ ठरू लागला.

याला कंटाळलेल्या माणसांपैकी एक होता थॉमस मिडलटन. किंग्जटाउनच्या दक्षिणेस शँकिल येथे तो होड्या हाकारीत असे. १८८६ साली त्याने सुचविले की, सर्वांनी एकाच आराखड्याच्या होड्या बांधाव्यात, शीडही एकाच मापाचे असावे. मग सूट नको, हिशेब नको. १८८७ साली हा प्रयोग पाण्यात उतरला. तेरा फूट लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती, उघड्या किनाऱ्यावर ओढून घेता यावी अशी ही होडी. पाण्यात गेल्यावर तळातून लोखंडी फळी खाली सोडायची, म्हणजे आडव्या वाऱ्यात ती भरकटत नाही. तिचे नाव 'वॉटर वॅग'. एका मापाच्या लहान होड्यांचा जगातील पहिला ताफा म्हणून तिला मान दिला जातो.

यामुळे हा खेळ गोरगरिबांचा झाला, असे मात्र कोणी समजू नये. क्लबांचे दरवाजे सर्वांना उघडे नव्हते. समता होती ती होडीत बसलेल्यांपुरती. पण तीही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, असे माझे मत आहे. कारण आपल्या पैशाचा फायदा आपणच होऊन सोडून देणारी माणसे इतिहासात फार भेटत नाहीत.

खरी कसोटी पुढेच होती. काही वर्षांत सभासदांना थोडी मोठी होडी हवीशी वाटू लागली. आराखडा बदलावा तर जुन्या साऱ्या होड्या शर्यतीतून बाद. न बदलावा तर माणसे दुसरीकडे जाणार. १९०० साली बदल स्वीकारला गेला. नवी होडी चौदा फूट तीन इंचांची, मागून सपाट. आराखडा किंग्जटाउनचे होडी बांधणारे डॉयल यांच्या घरून आला, आणि तो रेखाटला होता त्यांच्या कन्येने, मेमी डॉयल हिने. ज्या काळी स्त्रीला मतदानाचा हक्क नव्हता, त्या काळी एका कारागिराच्या मुलीने आखलेल्या रेषांवर पुढल्या पिढ्यांनी आपल्या होड्या बांधल्या! मेमीचे नाव आपल्याला एका होडीच्या निमित्ताने कळते, तेही उशिराच.

एकच माप सांभाळणे वाटते तितके सोपे नाही. फळीवर फळी चढवून, तांब्याच्या खिळ्यांनी ती जखडून होडी बांधायची. कारागीर बदलतो, लाकूड बदलते, पण माप बदलता कामा नये. राजवट बदलली, गावाचे नाव बदलले (शेजारच्या काही क्लबांनी मात्र नावामागचे 'रॉयल' अद्याप टाकलेले नाही), तरी हे माप टिकले. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी दोन-दोन माणसे बसवून या होड्या बंदरात आजही शर्यतीला निघतात. त्यांतल्या काहींनी वयाची शंभरी ओलांडली आहे.

उपसागराच्या उत्तरेस होथ हे मच्छीमारांचे बंदर आहे. तेथे हर्बर्ट बॉइड याने आखलेल्या, पाण्याच्या रेषेवर सतरा फूट लांब अशा होड्यांचा ताफा १८९८ साली उभा राहिला. पहिल्या पाच होड्या उत्तरेकडील कॅरिकफर्गस येथे जॉन हिल्डिच याने बांधल्या आणि नव्वद मैल समुद्र कापून त्या शिडावरच घरी आणल्या गेल्या. मुख्य शिडाच्या माथ्यावर आणखी एक लहान शीड, हा त्यांचा जुना थाट त्यांनी सोडलेला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये 'एमा' नावाचे वादळ आले. हिवाळ्यासाठी धक्क्यावरच्या शेडमध्ये ठेवलेल्या कित्येक होड्यांची त्यात मोडतोड झाली. नव्या पद्धतीच्या, साच्यात ओतलेल्या होड्या घेणे सोपे होते. पण होथकरांनी लाकूड आणवले, जुना आराखडा पुढ्यात घेतला, आणि मोडलेल्या फळ्या एकेक करून बदलावयास सुरुवात केली.