हिंडणारा आणि राबणारा

कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयाला जुनी माणसे अजूनही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. संस्थानी काळात त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक तेथील स्त्री-विभागावर झाली होती. पण रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. ही कहाणी आपल्याला पाठ आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा ध्यानात येत नाही. १८८३ साली कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाईंना अमेरिकेत उतरण्यासाठी व्हिसा लागला नव्हता. उत्तर द्यावे लागले ते समाजाला. आपण अमेरिकेस का जातो आहोत, हे त्यांनी बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून सांगितले. त्यांची मुलाखत वकिलातीत नव्हे, भरसभेत झाली.

हे आठवण्याचे कारण आमचे विद्यार्थी. पाठीवर पिशवी टाकून वर्षभर परदेशात हिंडायचे आणि वाटेत काम करून खर्च भागवायचा, हे कायद्यात बसते का, असे ते अलीकडे विचारतात. प्रश्न नवा वाटतो. त्याचे उत्तर मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात आहे.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. मिळेल ती मजुरी करीत ते शिकले. ऑरेगॉनमध्ये शेतीशास्त्राचे विद्यार्थी झाले आणि गदर चळवळीतही उतरले. प्रवासी, विद्यार्थी, मजूर आणि क्रांतिकारक ही चारही माणसे एकाच देहात नांदत होती. कोणत्याही कागदाने त्यांना ‘यांपैकी तुम्ही नेमके कोण?’ असे विचारले नव्हते.

तो काळ रम्य होता, असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी, लाकूड कापण्याच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना गोऱ्या जमावाने राहत्या जागेतून बाहेर काढून गावातून हुसकावले. परवान्याची अट नव्हती, तसे परवान्याने मिळणारे संरक्षणही नव्हते.

पुढे दारे लागत गेली. कॅनडाने १९०८ साली, मायदेशातून थेट व अखंड प्रवास करून येणाऱ्यासच प्रवेश, असा नियम केला. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाज परत पाठवले गेले, ते याच धोरणापायी. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने तर आशियाचा मोठा भूभागच वर्ज्य ठरवला. त्यातून सूट कोणाला? शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, व्यापारी, लेखक, आणि कुतूहलाने वा मौजेसाठी हिंडणारे प्रवासी यांना. मजुराला नाही. हिंडणारा आणि राबणारा यांची फारकत येथे कायद्याच्या अक्षरांत झाली.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, समुद्रमार्गे बाहेर जाणाऱ्यास पासपोर्ट सक्तीचा झाला. १९२२ च्या स्थलांतर कायद्याने अकुशल मजुरास सरकारने जाहीर केलेल्या देशांखेरीज अन्यत्र कामासाठी जाण्यास मनाई केली. करारबद्ध मजुरीतल्या छळापासून संरक्षण, हा त्यामागील हेतू खोटा नव्हता. पण संरक्षणासाठी बंद केलेले दार आतल्याला कोंडूनही ठेवते.

खानखोजे १९२४ साली मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. इंग्रजांच्या काळ्या यादीतील नाव स्वातंत्र्यानंतरही पुसले गेले नसल्याने, मायदेशी येण्यासाठी त्यांनी मागितलेला व्हिसा आधी नाकारला गेला. ते नागपुरात वारले जानेवारी १९६७ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात दिला आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. तोवर पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती.

मर्जी गेली, पण फारकत राहिली. १९८३ च्या कायद्याखालील व्यवस्थेत दहावी न झालेल्याला आखाती व इतर ठरावीक देशांत कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. पदवीधराला लागत नाही.

आता आमच्या विद्यार्थ्यांचे उत्तर. होय, जमते, नशीब असेल तर. ब्रिटनने २०२३ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला ३,००० जागा ठेवल्या. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून त्याच वयोगटासाठी हिंडण्याबरोबर कामाची मुभा देणाऱ्या १,००० जागा. दोन्हीकडे सोडत, दोन्हीकडे शिक्षणाची आणि बँकेतील शिल्लकीची अट. सोडतीत नाव न आलेल्याने पर्यटक व्हिसावर जाऊन चोरून काम करू नये, असे आम्ही निक्षून सांगतो. बुडालेली मजुरी मागायला कोणापुढे उभे राहणे त्याला अवघड जाते.

तुटलेले दोन धागे शंभर वर्षांनी पुन्हा जोडले गेले, ही आनंदाचीच गोष्ट. पण ते जोडले गेले उच्चशिक्षितापुरते. विद्यार्थ्यांच्या वाट्याला निदान सोडत तरी आहे. आमच्या महाविद्यालयाबाहेर उसाच्या फडात राबणाऱ्या त्यांच्याच वयाच्या मुलालाही जग पाहण्याचे कुतूहल असू शकते, हे मान्य करणारा रकाना अजून कोणत्याही अर्जात आलेला नाही.