लातूर परिसरातील भजनी मंडळे

लातूर परिसरात हौसेने जमून गाणाऱ्यांची सर्वांत जुनी संस्था म्हणजे गावचे भजनी मंडळ. दिवसभर रानात नाहीतर दुकानात राबलेली माणसे संध्याकाळी देवळात हरिपाठाला उभी राहतात, आणि सप्ताह बसला की हेच मंडळ साऱ्या पंचक्रोशीसमोर गाते.

या गायनाच्या परंपरा दोन. एक वारकरी; नामदेवांचे नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, गोरोबाकाकांचे तेर ही गावे मराठवाड्यातलीच. दुसरी वीरशैव. सोळाव्या शतकातल्या मन्मथस्वामींचे अभंग लिंगायत मंडळे शिवभजनात गातात आणि कार्तिकात त्यांच्या समाधीला, बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला, दिंड्या नेतात. उपास्य वेगळे, तरी छंद अभंगाचाच आणि साथ टाळ-मृदंगाचीच. वारकरी परंपरेतले एक ठिकाण म्हणजे औसा. तिथे वीरनाथ महाराजांचे मंदिर त्यांचे पुत्र मल्लिनाथ महाराजांनी बांधले. तिथल्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन पंढरपुरातही होते.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, शाळा थोड्या. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही अभंगामागून अभंग पाठ असत, ते भजनामुळे. मराठी टिकवण्याचे मंडळांचे हे काम फार मोलाचे आहे; त्याची नोंद मात्र अजून पुरेशी झालेली नाही. 1917 मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकून परतलेल्यांनी भजनाचा क्रम आणि चाली गावोगाव नेल्या.

बैठकीआधी पखवाजी धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, भिजवलेली कणीक लावतो आणि थाप मारून नाद जुळेपर्यंत ती कमीजास्त करतो. आरंभी रूपाचा अभंग, पुढे गवळण, शेवटी पसायदान. एकजण चाल म्हणतो, बाकीचे धृपद धरतात. युरोपातल्या वृंदगानात एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावून मेळ साधतात. इथे सगळे एकाच स्वरात गातात आणि रंग भरतो तो लयीतून. ठाय लयीत सुरू झालेला अभंग चढत जातो, टाळकरी पावली धरतात आणि मग गजर होतो.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकू देत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्रीच्या पहाऱ्यालाही कोणीतरी उभा असतोच. खर्च लोकवर्गणीतून निघतो.

पुढे पेटी आली, मग ध्वनिक्षेपक आला. अलीकडच्या काही दशकांत महिला भजनी मंडळे वाढली. एकादशीला किंवा श्रावणात दुपारची कामे उरकून बायका जमतात. टाळ, पेटी आणि ढोलकी त्या स्वतःच वाजवतात.